आधी रिटर्न डेट, मग गंज

एचओ स्केलच्या (खऱ्याच्या १/८७ आकाराच्या) मॉडेल रेल्वेचा मालडबा जुना दिसायला हवा म्हटलं की हात आपोआप गंजाच्या बाटलीकडे जातो. थोडा नारिंगी, थोडा तपकिरी, वरून काळपट वॉश (अगदी पातळ रंगाचा हात), झाली वॅगन म्हातारी. फोटोत असे डबे झकास दिसतात. पण मी नागपुरात राहतो. वणी, घुग्घुस, उमरेडकडचा कोळसा वाहणारे रेक इथे उठता-बसता दिसतात आणि त्यांतली एकही वॅगन तशी नसते. पन्नास-साठ बॉक्सएन (कोळशाच्या उघड्या वॅगन) एकामागोमाग फाटकावरून जातात तेव्हा चार-दोन जवळजवळ कोऱ्या लाल असतात, बहुतेकींना धड कुठलाच रंग नसतो, आणि मधूनच एखादी अशी येते की हिला यार्डातून सोडलं कुणी, असं वाटावं. सगळ्या एकाच इंजिनामागे, सगळ्यांत कोळसाच. मग एवढा फरक येतो कुठून?

याचं उत्तर शेजारच्या काकांकडे होतं. रेल्वेच्या कॅरेज अँड वॅगनमध्ये नोकरी करून ते निवृत्त झालेत. रंगवायला काढलेला कोरा डबा त्यांना दाखवला, तर त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला, डबा डोळ्यांजवळ धरला आणि विचारलं, “रिटर्न कधीची आहे हिची?”

“कसली रिटर्न, काका?”

“अरे, गाडीवर लिहिलेली असते ना. पीओएच कुठे झालं, कधी झालं, परत कधी यायचंय. आम्ही आधी तेच वाचायचो. मळली किती ते मग.”

पीओएच म्हणजे ठरावीक मुदतीने कारखान्यात होणारी पूर्ण दुरुस्ती. बॉक्सएनची पहिली ६ वर्षांनी, त्यानंतर दर साडेचार वर्षांनी. मधे दर १८ महिन्यांनी आरओएच असतं. ते डेपोत उरकतं, त्यात ब्रेक, बोगी, चाकं तपासतात. रंगाच्या वाटेला सहसा कुणी जात नाही. म्हणजे झाशी, कोटा किंवा रायपूरच्या कारखान्यातून निघताना जो रंग अंगावर चढतो तोच साडेचार वर्षं ऊन, पाऊस, कोळसा आणि वॅगन उलटी करून रिकामी करणाऱ्या टिप्लरचे दणके सोसतो, आणि मग एके दिवशी सगळा हिशेब पुसून वॅगन पुन्हा लाल होते. मॉडेलवर किती मळ चढवायचा याचं याहून पक्कं माप मला सापडलेलं नाही. त्या दिवसापासून माझ्याकडे तारीख आधी ठरते, ब्रश मागाहून उचलला जातो.

माझ्या रुळांवर काळ २०१५ चा मार्च आहे. हाताशी डबे होते पाच: चार बॉक्सएन आणि एक बॉक्सएनएचएल. पहिल्या बॉक्सएनला पीओएच दिलं फेब्रुवारी २०१५ चं, म्हणजे कारखान्यातून नुकतीच आलेली. दोघी २०१३ च्या, मधल्या वयाच्या. चौथीला ऑक्टोबर २०१०, म्हणजे रिटर्न एप्रिल २०१५. महिन्याभरात कारखान्यात जायची, तेव्हा अंगावर जे जे साचायचं ते सगळं साचलेलं. वेळ सगळ्यात जास्त हिच्यावरच गेला. बॉक्सएनएचएलची गोष्ट वेगळी, तिचं पुढे येईल.

या चौथीचा नंबर जुळवण्यात एक अख्खी संध्याकाळ मजेत गेली. आपल्या वॅगनचा नंबर ११ आकडी असतो. पहिले दोन आकडे वॅगनच्या प्रकाराचे, पुढचे दोन मालक रेल्वेचे (०१ म्हणजे मध्य रेल्वे), मग दोन बनावटीच्या वर्षाचे, चार त्या वॅगनचे स्वतःचे आणि शेवटचा पडताळ्याचा. पीओएच ऑक्टोबर २०१० म्हणजे आधीचं एप्रिल २००६, त्याआधीचं ऑक्टोबर २००१, आणि ते पहिलं धरलं तर ६ वर्षं मागे, ऑक्टोबर १९९५. तेव्हा वर्षाचे आकडे ९५. नंबर झाला १० ०१ ९५ २३७५ आणि पुढे पडताळ्याचा आकडा. तो काढायची रीत सोपी आहे. सम स्थानांवरच्या आकड्यांची बेरीज करायची: ०, १, ५, ३, ५ मिळून १४; तिची तिप्पट ४२. विषम स्थानांवरचे १, ०, ९, २, ७ मिळून १९. एकूण ६१. पुढचा दहाच्या पटीतला आकडा ७०, फरक ९. म्हणून १० ०१ ९५ २३७५ ९. पाहुण्यांपैकी हे कुणीही तपासणार नाही, ठाऊक आहे मला. पण काकांनी कागद ओढून तपासलं आणि म्हणाले, “बरोबर आहे. नाहीतर सिस्टीमने घेतलीच नसती.”

पाचही वॅगन मध्य रेल्वेच्या करायच्या नाहीत, हेही तेव्हाच ठरवलं. खऱ्या रेकमध्ये वेगवेगळ्या रेल्वेंच्या वॅगन मिसळलेल्या असतात आणि प्रत्येक कारखान्याचा रेड ऑक्साइड थोडा निराळा पडतो. कुठे विटकरी, कुठे चॉकलेटी. पाच डबे एकाच बाटलीतून रंगवले की पुढे कितीही वेदरिंग करा (म्हणजे ऊन-पाऊस-मळाचा जुनेपणा चढवा), ते जुळ्या बहिणींसारखेच दिसत राहतात.

आता डब्याकडे. बॉक्सएनची लांबी कपलरपासून कपलरपर्यंत १०.७१३ मीटर, १:८७ मध्ये १२३ मिलिमीटर. माझी बॉडी रेझिनमध्ये थ्रीडी प्रिंट केलेली आहे आणि तिच्या भिंती जवळपास १ मिलिमीटर जाड. म्हणजे खऱ्या मापात पावणेनऊ सेंटिमीटर! खरा पत्रा जेमतेम काही मिलिमीटरचा असतो. सगळी भिंत पातळ करता येत नाही, पण नजर जाते ती वरच्या कडेवर. ती आतल्या बाजूने पॉलिश पेपरने तिरपी घासली की पत्रा पातळ असल्याचा भास होतो.

मग पोचे. यातही कारण विचारावं लागतं. गुड्स शेडवर बॉक्सएन रिकामी करायला जेसीबी लावतात. त्याची बादली आतून पत्र्यावर आदळते, म्हणून उभ्या पट्ट्यांमधला पत्रा बाहेरच्या बाजूला फुगलेला असतो. आत दबलेला पोचा क्वचित दिसतो. रेझिनची भिंत कडकडीत पाण्यात धरली की थोडी मऊ होते. आतून गोल बुडाच्या पेनाच्या टोपणाने हलकेच दाबायचं आणि लगेच गार पाण्यात घालायचं. फुगवटा अर्ध्या मिलिमीटरहून जास्त नको; तेवढाच खऱ्यात जवळपास साडेचार सेंटिमीटर भरतो. सगळ्या खणांना फुगवटे दिले तर टिनाचा फुटका डबा होतो. मी चौथीला तीन-चार खणांत दिले, २०१३ च्या दोघींना एक-एक.

ठिगळं विसरायची नाहीत. कोळशात गंधक असतं, पावसाचं पाणी मुरलं की त्याचं आम्ल होतं आणि ते तळाशी साचून बसतं. म्हणून बॉक्सएनचा पत्रा खालून सडतो, तोही आतून. कारखान्यात सडलेला भाग कापून तिथे नवा पत्रा वेल्ड करतात. रेकच्या बाजूने चालत गेलं तर खालच्या वीतभर भागात चौकोनी तुकडे सरळ दिसतात. मी ०.१३ मिलिमीटरच्या प्लास्टिक शीटचे तुकडे चिकटवले आणि त्यांच्या कडेने पातळ पुट्टी सुईने ओढून वेल्डिंगची रेघ केली. ठिगळ शेवटच्या पीओएचच्या वेळचं आहे, तेव्हा त्यावरचा रंग बाकीच्या अंगाच्याच वयाचा. त्याला वेगळा गंज द्यायचं काही कारण नाही.

बॉक्सएनएचएलला हे काहीच नाही. तिची बॉडी स्टेनलेस स्टीलची, ती याच सडण्यावरचा उपाय म्हणून. ती बॉक्सएनपेक्षा जवळपास तीन मिलिमीटर लांब भरते (मॉडेलमध्ये हो), आणि रंग उडाला तरी खालून करडा धातू डोकावतो, नारिंगी गंज नाही. तिच्यावर कोळशाची धूळ आणि चिखल मनसोक्त चालतो, पण गंजाचे ओघळ ओढले की जाणकार हसतो. बाजारात मिळणाऱ्या तयार वेदर केलेल्या डब्यांत सगळ्यात जास्त चूक इथेच होते, असं माझं मत.

रंगाचं काम मी थंडीत उरकतो. नागपूरच्या मे महिन्यात एअरब्रशच्या सुईवरच रंग वाळतो आणि डब्यावर पोचतो तो रवा. रंग सावकाश वाळवणाऱ्या रिटार्डरचे थेंब टाकून, पहाटे उठून करता येतं; हौस असेल त्याने करावं. पावसाळ्यात उलटा त्रास. दमट हवेत लॅकरचा मॅट थर मारला की त्यावर पांढरी साय धरते. अल्कोहोलचा वॉश लॅकरच्या मॅट थरावर फिरवला तरी हेच होतं. काही जण रंग विटलेला दाखवायला ही साय मुद्दाम वापरतात. मला ती हातात राहत नाही, म्हणून मी त्या वाटेला जात नाही.

खालचा रंग टामियाचा एक्सएफ-९ हल रेड. उन्हाने विटलेला ऑक्साइड दाखवायला त्यात पांढरा मिसळला की तो गुलाबी होतो, आणि गुलाबी वॅगन मी तरी भारतीय रेल्वेत पाहिलेली नाही. त्याऐवजी बफ (फिकट पिवळट तपकिरी) मिसळायचा. प्रत्येक खणाच्या मधोमध हा फिका रंग एअरब्रशने धुक्यासारखा सोडला आणि उभ्या पट्ट्यांच्या कडेला मूळ गडद रंग राहू दिला. फेब्रुवारी २०१५ च्या वॅगनला यातलं काहीच केलं नाही. तिच्यावर फक्त बोगीजवळ धूळ आणि वरच्या कडेला एका फेरीची काजळी. रेकमध्ये हीच सगळ्यात उठून दिसते, आणि तिच्या शेजारी बाकीच्यांचा मळ खरा वाटायला लागतो. पाहणारे मात्र हमखास विचारतात, “हा डबा राहिला वाटतं रंगवायचा?”

अक्षरांनी दमवलं. घरच्या इंकजेट प्रिंटरला पांढरी शाई नसते आणि वॅगनवरचं सगळं लिखाण पांढरं. शेवटी पांढऱ्या छपाईची सोय असलेल्या ठिकाणाहून डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील अक्षरं) करून घेतले. वॅगनवरचे आकडे स्टेन्सिलने मारलेले असतात, त्यामुळे शून्य आणि आठाच्या पोटात बारीक खाचा राहतात. फाइल बनवताना त्या खाचा ठेवल्या. डेकल लावण्याआधी ग्लॉस थर हवाच. मॅटवर लावले की खाली हवा अडकून रुपेरी चकाकी येते. वर डेकल मऊ करून बसवणारं मायक्रो सोल, मग पुन्हा एक हलका थर आणि मगच मळवायला सुरुवात. पीओएचची चौकट मात्र वेगळी हाताळावी लागते. पुढच्या वेळी तिथे नवा काळा चौकोन रंगवून नवी तारीख मारतात, म्हणून चौथीच्या चौकटीखाली जुन्या चौकोनाची कड थोडी बाहेर डोकावते अशी ठेवली. ती कड शोधून काढणारा माणूस भेटला की चहा माझ्याकडून.

ओघळांसाठी तेलरंगच. कॅमलिनच्या आर्टिस्ट ऑइल ट्यूबा पुरतात: बर्न्ट अंबर, रॉ अंबर, बर्न्ट सिएना आणि काळा. परदेशी वेदरिंग संच महाग पडतात आणि हे काम त्यांच्याइतकंच करतं. युक्ती एकच. रंग ट्यूबमधून थेट डब्यावर न्यायचा नाही. जाड पुठ्ठ्याच्या तुकड्यावर वाटाण्याएवढा काढून अर्धा तास ठेवायचा. पुठ्ठा त्यातलं जवसाचं तेल शोषतो, भोवती तेलकट डाग पसरतो आणि उरलेला रंग मॅट वाळतो. तेल राहिलं तर ओघळ चकचकीत दिसतात आणि वाळायला फार वेळ घेतात.

ओघळ ओढायचा तो असा. टाचणीच्या टोकाने रंगाचा ठिपका ठेवायचा: दाराच्या बिजागरीखाली, वरच्या कडेच्या सांध्यात, जिथे पाणी थांबतं आणि मग एकदम सुटतं तिथे. चपटा ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवून फडक्यावर जवळजवळ कोरडा करायचा. मग ठिपक्याच्या वरपासून सरळ खाली एकच ओढ, हात न थरथरता. ब्रश पुसायचा. पुन्हा एक ओढ. पहिल्या ओढीत दिसते ती रंगाची रेघ. दुसरी-तिसरीपर्यंत ती विरघळत डाग होते, आणि चौथीला बऱ्याचदा नाहीशीच होते. थांबायचं ते तिसरीच्या आसपास. मिलिमीटरभर रुंद ओघळ खऱ्यात पावणेनऊ सेंटिमीटरचा असतो, हे मनात ठेवलं की हात आपोआप आवरतो. अॅक्रिलिकच्या थराला टर्पेंटाइनने काही होत नाही, त्यामुळे पसंत पडलं नाही तर पुसून पुन्हा. चौथ्या वॅगनची एक बाजू मी अशी बऱ्याचदा पुसली. घाई कुणाला आहे?

रॉ अंबर गंजासाठी नाही, चिखलासाठी. पावसात चाकं पाणी उडवतात आणि डब्याच्या टोकाच्या भिंतीवर बरोबर चाकांच्या रेषेत दोन उभे मातकट पट्टे उमटतात. बाजूंवर तसे पट्टे नसतात. तिथे खालून वर विरत जाणारी धूळ असते. लोक बाजू जीव ओतून रंगवतात आणि टोकांच्या भिंती विसरतात, कारण डबे जोडले की त्या दिसत नाहीत. पण शेवटच्या वॅगनची दिसते, आणि वळणावर सगळ्यांच्याच दिसतात.

आतली बाजू मला उड्डाणपुलावरून कळली. रिकामा रेक खालून जाताना वर उभं राहिलं की सगळा कारभार उघडा दिसतो. आतून वॅगन गंजलेली असेल ही माझी समजूत होती, आणि उन्हाळ्यात ती खोटी निघते. प्रत्येक खेपेला साठेक टन कोळसा पत्र्यावरून घसरतो, तो गंज टिकूच देत नाही. मधला भाग करडा, घासून गुळगुळीत. कोपऱ्यांत कोळशाचा चुरा आणि वरच्या अर्ध्यात गडद तपकिरी. पाऊस पडून गेला की एका रात्रीत तोच घासलेला पत्रा लख्ख नारिंगी होतो. पुढच्या भरतीत पुन्हा करडा. माझा मार्च महिना आहे, म्हणून नारिंगी जवळपास नाहीच.

हेअरस्प्रे मी फक्त इथे वापरला. खाली गडद गंजाचा रंग, त्यावर हेअरस्प्रेचे दोन हात, वर ऑक्साइड. वाळल्यावर ओल्या ब्रशने घासलं की वरचा रंग पापुद्रे काढत सुटतो. डेकल लावण्याच्या आधीच हे उरकून घ्यायचं, नाहीतर पाणी भलतीकडे जातं. वरची कडही याच रीतीने केली. औष्णिक वीजकेंद्रात टिप्लर वॅगनला वरून पकडतो आणि जवळजवळ पालथी करतो. ती पकड जिथे बसते तिथला रंग पार गेलेला असतो आणि कड किंचित वाकलेली. बी ग्रेडच्या पेन्सिलचं शिसं बोटावर घेऊन त्या कडेवरून एकदा फिरवलं की उघड्या लोखंडाची चमक येते. रुपेरी रंग मी या कामाला हातात घेत नाही. तो स्टीलच्या भांड्यासारखा दिसतो.

पाचपैकी तीन डबे भरलेले आहेत. कोळसा अर्थातच खरा. खलबत्त्यात कुटून चहाच्या गाळणीतून चाळला, राहिलेली जाड भरड वर आणि भुकटी खाली. गाळणी आता फक्त कोळशाची आहे, घरच्यांच्या हुकमावरून. मिलिमीटरभराचा तुकडा म्हणजे खऱ्यातला आठ-नऊ सेंटिमीटरचा खडा, त्याहून मोठा नको. लोडरने भरलेल्या वॅगनमध्ये दोन-तीन ढीग उठतात आणि मधे खळगे राहतात. फोमवर तसा चढ-उतार कापून, फेव्हिकॉल पाण्यात अर्धाअर्धा पातळ करून, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकून चिकटवला. साबणाचा थेंब नसेल तर पाणी कोळशावर मण्यासारखं बसून राहतं, आत उतरत नाही.

वर चुना. कोळसा भरल्यावर त्यावर चुन्याचं पाणी शिंपडतात, वाटेत कुणी उपसला तर काळा खड्डा लगेच दिसावा म्हणून. हा पांढरा हात कोळशाच्या मॉडेलवर मला फारसा कुठे दिसलेला नाही, आणि आपल्याकडच्या रेकची हीच तर ओळख आहे. पातळ पांढरा रंग जुन्या टूथब्रशने उडवला. थोडा कोळशावर, थोडा मुद्दाम कडेबाहेर. बाहेर सांडलेल्या चुन्याचे ओघळ गंजाच्या ओघळांवरून खाली आले पाहिजेत, कारण ते ताजे आहेत. हा क्रम चुकला की डोळ्याला काहीतरी खटकतं, पण काय ते सांगता येत नाही.

वजनाचंही यात भागून जातं. एनएमआरए या अमेरिकन मॉडेल रेल्वे संघटनेच्या शिफारशीप्रमाणे एचओ डब्याला १ औंस आणि वर लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. १२३ मिलिमीटरला ते ९७ ग्रॅमच्या आसपास येतं. भरलेल्या डब्यात शिशाच्या पट्ट्या कोळशाखाली लपतात. रिकाम्यात लपवायला जागाच नाही, म्हणून त्या खालच्या फ्रेममध्ये कशाबशा कोंबल्या. तरी रिकामे डबे हलकेच राहिले. रेकमध्ये ते शेवटी जोडतो.

खालच्या भागाबद्दल थोडक्यात. बोगी काळी नसते. ब्रेकच्या धुळीने ती मातकट तपकिरी झालेली असते, आणि स्प्रिंगांच्या वेटोळ्यांत तेवढा काळा उरतो. चाकांची तोंडं मळकी, रुळावर घासणारा भाग लख्ख. तिथे आणि आसाच्या टोकांवर रंगाचा कण जाऊ द्यायचा नाही, नाहीतर डबा पळत नाही. कपलर केडीचे नंबर ५. आपल्या सीबीसीशी (सेंटर बफर कपलरशी) त्यांचं रूप बरंच जुळतं. त्यांना गडद गंज दिला, तो रंगाने नाही तर पिगमेंट पावडरने, म्हणजे नकल (कपलरचा हलणारा जबडा) अडकत नाही. पावडरवर वार्निश मारलं की निम्मी गायब होते, म्हणून शेवटचा हात पावडरचाच आणि नंतर डबा कडेने धरायचा नाही. गेजचं दुखणं आहेच: आपला १६७६ मिलिमीटरचा ब्रॉडगेज एचओत १९ मिलिमीटरहून थोडा जास्त हवा आणि रूळ मिळतात ते १६.५ चे. डबा समोरून पाहिला की चाकं आत गेलेली दिसतात. तिकडे मी बघत नाही.

शेवटी खडू. यार्डात प्रत्येक वॅगनवर काही ना काही खरडलेलं असतं, बाण, आकडे, अर्धवट पुसलेले शब्द. पांढरी पेन्सिल टोकदार करून दोन मिलिमीटरच्या आतलं अक्षर काढावं लागतं. ते मी काकांना काढायला दिलं. भिंगाखाली त्यांनी चौथीच्या कोपऱ्यात दोन आकडे आणि एक बाण असा काही झपाट्याने ओढला की त्यातली सवय लपत नाही. मी ओढलेला बाण शेजारी ठेवला तर शाळेच्या वहीतला वाटतो.

मग डबे रुळांवर लावून मीटरभर मागे सरलो. एचओत मीटरभर म्हणजे ८७ मीटर. तेवढ्या अंतरावरून खरी वॅगन पाहिली तर ठिगळाची वेल्डिंग दिसत नाही, स्टेन्सिलची खाच तर नाहीच. दिसतात त्या रंगांच्या छटा, काळी पडलेली वरची कड, चुना, आणि शेजारच्या वॅगनशी असलेला फरक. या हिशेबाने माझी अर्धी मेहनत अदृश्य आहे. काकांनी मात्र चौथी उचलली, खालून पाहिली, दारांवर बोट फिरवलं आणि म्हणाले, “दारं तारेने बांध. खिट्ट्या कधीच्याच गेल्यात हिच्या.” तांब्याची केसासारखी तार जुन्या इअरफोनमधून निघाली.

आता टेबलावर बीसीएनए आहे, छप्परबंद, सिमेंटवाली. पीओएच ऑगस्ट २०१२, झाशी. दारांच्या फटीतून सांडलेलं सिमेंट पावसाने पत्र्यावरच घट्ट बसतं, आणि तो राखाडी खरखरीत थर तेलरंगाने काही केल्या येत नाही. सध्या कापडातून गाळलेलं खरं सिमेंट अल्कोहोलमध्ये कालवून प्लास्टिकच्या तुकड्यांवर लावून पाहतोय. वाळल्यावर बोटाला लागतं, पण रंग बरोबर आहे.